वरच्या वजनगटात उतरायचंय? खाशाबांची चार वर्षं आठवा

विहारातल्या आरोग्य तपासणीला मालवणजवळच्या एका वाडीतली ताई मुलाला घेऊन आली. मुलगा सोळा वर्षांचा, बॉक्सिंग खेळणारा, वजन बावन्न किलो. "डॉक्टर, झिल म्हणता वजन वाढवून वरच्या गटात खेळतलंय. ह्यो पावडरीचो डबो घेव काय?" तिने मोबाईलवर डब्याचं चित्र दाखवलं. किंमत तिच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. वरच्या गटात गेल्या वर्षीचा विजेता होता आणि पोराला त्यालाच हरवायचं होतं.

हरवता येतं का? येतं. पण कसं, ते आधी पाहू.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा ते ५२ किलोच्या गटात खेळले. मातीत वाढलेला हा पैलवान तिथे मॅटवर उतरला आणि सहावा आला. पुढच्या ऑलिंपिकला, १९५२ साली हेलसिंकीला, ते ५७ किलोच्या गटात होते. वरचा गट, जास्त अंगाचे पैलवान. तरीही कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या ज्या इशीने त्यांना हरवलं, तोच सुवर्णविजेता ठरला. म्हणजे अव्वल मल्ल काही त्यांच्या हाती लागला नाही, हेही सांगायला हवं. पण दोन गटांच्या मर्यादेत पाच किलोंचा फरक आणि मध्ये चार वर्षं, हा हिशोब लक्षात ठेवा. आमच्या पोराला तेवढंच वजन चार महिन्यांत हवं होतं.

विजेत्याला खरोखर हरवल्याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मायकेल स्पिंक्स हा सेंट लुईसच्या गरीब काळ्या वस्तीत वाढलेला मुष्टियोद्धा. तो लाइट हेवीवेटचा जगज्जेता होता. त्या गटाची मर्यादा साधारण ७९ किलो. सप्टेंबर १९८५ मध्ये तो हेवीवेटचा जगज्जेता लॅरी होम्सपुढे उभा राहिला. होम्स तोवर ४८ लढतींत अजिंक्य, वजन सुमारे १०० किलो. त्याआधी लाइट हेवीवेटच्या कुठल्याही जगज्जेत्याला हेवीवेटचा किताब मिळाला नव्हता. स्पिंक्स सुमारे ९१ किलोचा होऊन आला, पंधरा फेऱ्या खेळला आणि गुणांवर जिंकला. त्याने वजन मनाला येईल तसं वाढवलं नव्हतं. मॅकी शिलस्टोन नावाचा आहार-व्यायामाचा जाणकार त्याने सोबत घेतला होता. अंगावर मांस चढलं, पण पाय जड झाले नाहीत.

वजनगट आहेत तरी कशाला? ठोशाचा जोर दोन गोष्टींवर ठरतो: त्यामागे किती अंग आहे आणि तो किती वेगाने येतो. वरच्या गटात प्रतिस्पर्ध्याचं अंग जास्त, बहुतेक वेळा हातही लांब. म्हणजे आपल्या डोक्याला बसणारा मारही जड. खालून वर आलेल्याकडे भांडवल असतं ते वेग आणि दमाचं. वाढलेले पाच किलो मांसाचे असतील तर ते ठोशात उतरतात. चरबीचे किंवा पाण्याचे असतील तर भांडवलही जातं आणि मार तेवढाच बसतो. मेरी कोमचं पाहा. २०१२ साली लंडनला महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेही फक्त तीन गटांत. सर्वांत खालचा गट ५१ किलोचा. ती ४८ किलोपर्यंतच्या गटांत पाच वेळा जगज्जेती झालेली. तिला वर जावंच लागलं. उपांत्य फेरीत उंच, लांब हाताच्या निकोला ॲडम्सने तिला ११-६ ने हरवलं. त्याच ५१ किलोत दोन वर्षांनी तिने आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेतलं. वरच्या गटाचं अंग आणि डाव दोन्ही अंगवळणी पडायला वेळ लागतो.

आता डब्याबद्दल. स्नायू वाढवणाऱ्या खेळाडूला रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात. बावन्न किलोला ८३ ग्रॅम. तपासणीच्या टेबलावरच आम्ही त्या ताईबरोबर हिशोब मांडला. १०० ग्रॅम बांगड्याच्या मांसात १९-२० ग्रॅम. दोन अंड्यांत १२. मूठभर म्हणजे ५० ग्रॅम कुळथात ११. ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२. अर्धा लिटर दुधात १६. दिवसभराच्या उकड्या तांदळाच्या पेजेतून, भातातून आणि नाचणीच्या भाकरीतून आणखी वीस तरी. बेरीज नव्वदच्या पुढे जाते. ताई म्हणाली, "ह्या सगळा घरातच असता." सगळ्याच घरांत रोज असत नाही, हे मला ठाऊक आहे. दूध परवडत नसेल तर कुळीथ आणि शेंगदाणे वाढवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, सुके बांगडे चालतात, पण भिजवून खारटपणा काढूनच. आणि नुसती प्रथिनं खाऊन वजन वाढत नाही. भात-भाकरी भरपूर हवी, नाहीतर शरीर प्रथिनंच जाळून टाकतं.

वाढ आठवड्याला पाव किलो पुरे. अर्ध्या किलोच्या वर गेली तर कंबर मोजा.

पावडरीत विष असतं असं मी म्हणत नाही. चांगली पावडर म्हणजे दुधातलं प्रथिनच. पण हातात येणारा डबा खरा की खोटा हे आपल्याला कळत नाही, आणि काही डब्यांत न सांगता मिसळलेल्या औषधांमुळे खेळाडू उत्तेजक चाचणीत अडकले आहेत. जिममध्ये कुणी 'ताकदीचं इंजेक्शन' देऊ केलं तर मात्र तिथून निघा. वाढीच्या वयात स्टिरॉइडने हाडांची वाढ वेळेआधी थांबते, अंडकोष आक्रसतात, यकृताला इजा होते.

बोलता बोलता त्या पोराचं दुसरं गुपित बाहेर आलं. मागच्या स्पर्धेत वजन भरेना म्हणून तो दोन दिवस पाणी तोडून, रेनकोट घालून मे महिन्याच्या उन्हात धावला होता. मी तपासणीचं बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच्याशी याच विषयावर बोललो. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. वर रेनकोट म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, त्याच्या बाबतीत एक लिटर, तरी ताकद आणि दम उतरतो. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण अशाच वजन उतरवण्यात महिन्याभरात दगावले.

विनेश फोगाटची गोष्ट त्याला माहीत होती. ती तर वरून खाली आली होती, ५३ वरून ५० किलोत. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरली नव्हती. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरी गेली. पुढे पाणी कमी झालं म्हणून तिला उपचार घ्यावे लागले. उपासाने शरीर झिजवून काही हाती लागत नाही हे सिद्धार्थ गौतमांनी ओळखलं आणि सुजाताची खीर घेतली, ही गोष्ट आपण दर वैशाख पौर्णिमेला मुलांना सांगतो. मग त्याच मुलांना वजनकाट्यासाठी उपाशी का ठेवतो?

पोराचं हिमोग्लोबिन तपासलं, १०.८ निघालं. या रक्तावर वरच्या गटाचा विजेता काय, आपल्याच गटातली तिसरी फेरीही जड जाईल. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या; गोळीनंतर तासभर चहा नको आणि जेवणात कोकम-लिंबू हवं, एवढं सांगितलं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर तो आपल्याच गटात खेळणार आहे. डब्याचे पैसे ताईने अंडी आणि शेंगदाण्यांसाठी बाजूला काढले आहेत.