नीतिविचाराची गरज कोणास?

जळगांव किंवा धुळें यांसारख्या शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांत लग्नसराईच्या सुमारास एक प्रसंग हटकून येतो. परगांवचे दोन गृहस्थ दारांत उभे राहतात. त्यांना आंत बोलावलें जातें, चहा होतो, पाऊसपाण्याच्या व कापसाच्या भावाच्या गोष्टी होतात, आणि मग त्यांतील वडील गृहस्थ आवाज थोडा खालीं आणून म्हणतात, "आपल्या शेजारच्या चिरंजीवांचें स्थळ आमच्या मुलीसाठीं सुचविण्यांत आलें आहे. आपला इतक्या वर्षांचा शेजार. आपलें मत कळलें तर बरें होईल." घरधन्यास ठाऊक असतें कीं, मुलगा देखणा आहे, नोकरीहि चांगली आहे, पण त्याला जुगाराचा नाद असून दोन वेळां त्याच्या वडिलांनीं गुपचूप त्याचें कर्ज फेडलेलें आहे.

आतां काय बोलावें? याच शेजाऱ्यानें घरच्या आजारपणांत रात्री जागून काढलेल्या असतात, आणि कर्जाची गोष्टहि त्यानेंच मन मोकळें करण्यासाठीं विश्वासानें सांगितलेली असते. दुसऱ्या बाजूस कधीं न पाहिलेली एक मुलगी आहे. तिचें सारें आयुष्य या पांच मिनिटांच्या बोलण्यावर लोंबकळत आहे. कायद्याच्या पुस्तकांत याचें उत्तर नाहीं, पंचांगांतहि नाहीं. 'खरें बोलावें' आणि 'विश्वासघात करूं नये' हे दोन्ही धडे लहानपणीं एकाच पाटीवर गिरविलेले असल्यामुळें त्यांचाहि निकाल लागत नाहीं. बहुतेक गृहस्थ "मुलगा चांगला आहे हो," असें म्हणून सुटतात, आणि रात्रीं अंथरुणावर कूस बदलीत पडतात.

नीतिशास्त्राची गरज दुर्जनांना असते, अशी एक समजूत फार रूढ आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे. वजन वाढावें म्हणून कापसावर पाणी मारणारा मनुष्य आपण वाईट करीत आहोंत हें पुरतेपणीं जाणतो. म्हणून तर तो तें काम अंधारांत उरकतो. त्याच्याजवळ ज्ञानाची उणीव नाहीं, आवर घालण्याची आहे, आणि ती उणीव ग्रंथांपेक्षां पंचाच्या दंडानें लवकर भरून निघते. उलट ज्याला चांगलें वागावयाचें आहे, त्याच्यापुढेंच खरी अडचण उभी राहते. नित्याच्या दिवशीं त्याला रूढि, संस्कार आणि कायदा पुरेसे होतात. दूधवाल्याचे पैसे द्यावेत कीं बुडवावे, याचा तो विचार करीत बसत नाहीं. परंतु दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या कीं, या तिन्ही आधारांचा हात सुटतो.

या प्रश्नाचा विचार खानदेशानें दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनीं केला, आणि त्या सगळ्या वाटा एका लहानशा टापूंत एकत्र येतात. जळगांव व धुळें यांच्या दरम्यान बोरी नदीच्या कांठीं अमळनेर हें गांव आहे. तेथील गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यानें १९१६ सालीं तेथें तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें. कापडाच्या गिरणीच्या नफ्यांतून आत्मा, ज्ञान व कर्तव्य यांचा विचार करणाऱ्या पंडितांचा योगक्षेम चालावा, हें दृश्य हिंदुस्थानांत तरी नवलाचेंच होतें. रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ति, जी. आर. मलकानी अशा विद्वानांनीं तेथें अध्ययन केलें. बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' हा ग्रंथ १९३० सालीं याच संस्थेनें प्रसिद्ध केला. ग्रंथ अतिशय कठीण आहे. परंतु त्याच्या नांवांतच नीतीचा पाया सांपडतो. जाणणारा 'मी' हा वस्तूंसारखी एक वस्तु नाहीं, तो स्वतंत्र आहे, हें ज्यास पटलें त्यासच 'मीं काय करावें' हा प्रश्न विचारतां येतो. घड्याळास कर्तव्य नसतें.

याच मंदिरांत कोंकणांतल्या पालगडचा एक तरुण अभ्यासासाठीं येऊन राहिला. त्याचें नांव पांडुरंग सदाशिव साने. तेथील तर्कप्रधान वातावरणांत त्याचें मन रमलें नाहीं. १९२४ सालीं तो अमळनेरच्याच हायस्कुलांत शिक्षक झाला व पुढें विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहूं लागला. मुलें शाळेंत गेलीं म्हणजे हे साने गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेलीं अंथरुणें व कपडे नीट लावून ठेवीत. मुलें परत येऊन पाहत, ओशाळत, आणि हळूहळू आपण होऊन तें काम करूं लागत. मुलांसाठीं ते हातानें लिहून एक दैनिकहि काढीत. नीतिशास्त्र हें केवळ जाणण्यासाठीं शिकावयाचें नसून चांगलें होण्यासाठीं शिकावयाचें आहे, असें अरिस्टॉटलनें फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. अमळनेरच्या त्या खोल्यांत त्याचा प्रत्यक्ष पाठ चालला होता. तथापि, यावरून मंदिरांतील पंडितांचा उद्योग व्यर्थ होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. 'कर्तव्य', 'स्वातंत्र्य', 'हित' हीं नाणीं आपण रोज बाजारांत चालवितों. तीं खरीं कीं खोटीं हें कसोटीवर लावून पाहणारा कोणीतरी सराफ पेठेंत असावा लागतो.

१९३० सालीं मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां याच शिक्षकापुढें दोन कर्तव्यें समोरासमोर आलीं. एकीकडे वसतिगृहांतील मुलें होतीं. त्यांतील कित्येकांना गुरुजी हे आईच्या ठिकाणीं होते. दुसरीकडे देशाची हांक होती. गुरुजी शाळा सोडून चळवळींत गेले. त्यांचा निर्णय आज सर्वांस उघड व सोपा दिसतो, कारण इतिहासानें त्याला मान दिला. त्या दिवशीं मात्र पोरक्या झालेल्या एखाद्या मुलास तो सोपा वाटला नसेल.

दोन वर्षांनीं, १९३२ सालीं, तेच गुरुजी धुळ्याच्या तुरुंगांत होते, आणि विनोबा भावेहि तेथें होते. जमनालाल बजाज यांच्यासारख्या धनिकापासून खेड्यांतल्या शेतकऱ्यापर्यंत नाना प्रकारचे राजबंदी तेथें एका भिंतीआड आले होते. विनोबांनीं गीतेवर बोलावें असा आग्रह झाला. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारीं अठरा अध्याय, असा तो क्रम चालला, आणि मराठींत बोललेला तो शब्द साने गुरुजींनीं झपाझप लिहून घेतला. पुढें तींच 'गीता प्रवचनें' हिंदुस्थानच्या बहुतेक भाषांत गेलीं. हीं प्रवचनें कोणासमोर झालीं, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. ऐकणारे लोक सद्विचारापायीं तुरुंगांत आलेले होते. त्यांच्या घरीं मात्र कोठें म्हातारी आई होती, कोठें सावकाराचा तगादा होता, कोठें मुलाचें शिक्षण थांबलें होतें. "देशासाठीं घर उघड्यावर टाकण्याचा मला अधिकार आहे काय?" हा प्रश्न त्यांपैकीं कितीकांच्या मनांत रात्रीं येत असेल! अर्जुनाचा प्रश्न तरी याहून निराळा कोठें होता?

पहिल्याच अध्यायाच्या निरूपणांत विनोबांनीं एका न्यायाधीशाचा दाखला दिला आहे. त्यानें आयुष्यांत शेंकडों अपराध्यांना फांशीची शिक्षा दिली. पण एके दिवशीं त्याचा स्वतःचा मुलगा खुनाच्या आरोपावरून पुढें उभा राहिला, तेव्हां त्या न्यायाधीशास फांशीची शिक्षा ही किती अमानुष आहे याचें ज्ञान एकाएकीं झालें. त्याचे मुद्दे खोटे नव्हते; दुसऱ्या कोणीं ते मांडले असते तर विचार करण्यासारखेच होते. परंतु ते बुद्धींतून निघालेले नव्हते, ममतेंतून निघालेले होते. अर्जुनाचें अहिंसेवरील भाषण तसेंच होतें, असें विनोबांचें म्हणणें आहे. लढाया तर त्यानें पूर्वीं पुष्कळ केल्या होत्या.

या दाखल्यांत नीतिविचाराच्या गरजेचें मर्म आलें आहे. मनुष्याचें मन हें मोठें कसलेलें वकील आहे. त्याला आधीं काय हवें तें ठरलेलें असतें, आणि मग तें तत्त्वांच्या पोथ्या उघडून सोयीचें वचन काढून देतें. भित्रेपणास तें क्षमा म्हणतें, कंजूषपणास साधी राहणी म्हणतें, आणि मुलांवरील रागास शिस्त म्हणतें (ही शेवटची चूक शाळांतून फार होते). अशा वकिलाची उलटतपासणी घेण्यासाठीं मनुष्यानें थांबून स्वतःस विचारावें लागतें: हाच मुद्दा परक्याच्या बाबतींत मला सुचला असता काय? हें विचारण्याची संवय प्रसंग येण्यापूर्वींच लागलेली बरी. ऐन प्रसंगीं वकील फार मोठ्यानें बोलत असतो. म्हणूनच त्या राजबंद्यांनीं आठवड्यांतून एक दिवस एकत्र बसून ऐकणें हें मोलाचें होतें. एकट्याला आपली लबाडी दिसत नाहीं, ती शेजारच्याच्या चेहऱ्यावर दिसते.

रूढीवर विसंबून भागत नाहीं, याचें उदाहरणहि साने गुरुजींच्याच चरित्रांत आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरांत हरिजनांस प्रवेश नव्हता. बंदी पाळणारे सगळेच दुष्ट होते असें नाहीं; त्यांत श्रद्धाळू व दयाळू माणसें पुष्कळ होतीं. वाडवडिलांपासून चालत आलेलें तें बरोबरच असणार, एवढाच त्यांचा विचार होता. म्हणजे विचार नव्हताच. गुरुजींनीं महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागें केलें व १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपवास आरंभला. दहा दिवसांनीं मंदिर खुलें होण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हां तो सुटला. खुद्द गांधीजींना हा उपवास पसंत नव्हता. दोन निर्मळ माणसें पुरता विचार करूनहि निरनिराळ्या निर्णयांवर येऊं शकतात, आणि यांत नीतीचा पराभव नाहीं. गणिताप्रमाणें येथें एकच उत्तर येईल, अशी अपेक्षा ठेवणारा मनुष्य लवकरच या विषयास कंटाळतो.

हा सारा विचार पोटभरू व शिकलेल्या लोकांसाठीं आहे, असाहि एक आक्षेप घेण्यांत येतो. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत राबतांना व जात्यावर बसतांना त्यांनीं रचलेलीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुस्तकरूपानें बाहेर आलीं, आणि मनाच्या ओढाळपणाचा व माणुसकीचा इतका सूक्ष्म विचार पाहून पंडित थक्क झाले. विनोबांनींहि 'गीताई' लिहिली ती आईला संस्कृत कळत नव्हतें म्हणून, हें प्रसिद्धच आहे. आईला गीता हवी होती ती पांडित्यासाठीं खास नव्हे.

आतां त्या घरधन्याकडे वळावयास हरकत नाहीं. रात्रभर जागून त्याला एवढें कळून चुकतें कीं, "कोणाचें जमत आलेलें लग्न कशाला मोडा?" हें त्याचें वाक्य दयेचें नव्हतें. रोज समोर दिसणाऱ्या शेजाऱ्याशीं वांकडें येईल, या भीतीचें तें होतें; मुलगी त्याच्या पुतणीच्या जागीं असती तर तें त्याच्या तोंडून निघालें नसतें. पण म्हणून सकाळीं उठून पाहुण्यांकडे धांवत जावें आणि विश्वासानें ऐकलेलें सगळें ओकून टाकावें, हेंहि त्याच्या मनास पटत नाहीं. तो आधीं शेजाऱ्याकडेच जातो. ओट्यावर शेजारी वर्तमानपत्र वाचीत बसलेला असतो. "काल तुमच्या चिरंजीवांची चौकशी करावयास मंडळी आली होती," तो सांगतो, "मीं चांगलेंच सांगितलें. पण तें मला टोंचतें आहे. कर्जाचें तुम्ही स्वतःच त्यांच्या कानांवर घाला. तुम्ही नाहीं सांगितलें, तर मला माझा शब्द परत घ्यावा लागेल; आणि तें तुमच्या मागें करावयाचें नाहीं, म्हणून आलों." शेजारी वर्तमानपत्राची घडी घालतो आणि बराच वेळ कांहीं बोलत नाहीं. पाहुण्यांची गाडी संध्याकाळीं असते.