मल्खाचा कान

दिवाळी अंकात एका मुसलमानाने लिहायचं, आणि तेही ख्रिस्ती शुभवर्तमानांवर! विषय सांगितला तेव्हा आमच्या संपादक वहिनी आधी हसल्या. मग म्हणाल्या, "लिहा की भाई. आमच्या फराळात शीरखुर्माही चालतो."

निमित्त घरातलंच आहे. माझा धाकटा इथे इंग्लंडमध्येच जन्मला आणि इथल्याच शाळेत शिकतो. धर्म या विषयाच्या तासाला त्याचा एका वर्गमित्राशी वाद झाला. तो मुलगा म्हणाला, "तुमच्या पुस्तकात तलवार आहे, आमच्या पुस्तकात दुसरा गाल." वर्गात हशा पिकला. घरी आल्यावर पोरगा जेवला नाही. खोलीत जाऊन बसला आणि रात्री एक कागद घेऊन माझ्यासमोर आला. "अब्बा, गुरुवारी पुन्हा तास आहे. ही यादी बरोबर आहे का तेवढं बघा."

यादी शुभवर्तमानांतल्या तलवारींची होती. मत्तय १०:३४, मी शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो आहे, अशा अर्थाचं वाक्य. लूक १९:२७, शत्रूंना माझ्यासमोर आणून ठार करा. लूक २२:३६, अंगरखा विका पण तलवार घ्या. योहान २:१५, दोरीचा कोरडा करून मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलणं.

कपाटातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' काढलं. हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. एकेक संदर्भ ताडून पाहिला. यादी अगदी बरोबर होती, आणि पंचाईत तीच होती.

कारण अशा याद्या मी ओळखतो. तरुणपणी मुनाझऱ्याच्या कॅसेट मीही मोठ्या आवाजात ऐकल्या आहेत. समोरच्याच्या ग्रंथातला आकडा फेकायचा आणि टाळ्या घ्यायच्या. सूरह तौबामधली पाचवी आयत आमच्यावर अशीच फेकली जाते तेव्हा आम्ही कळवळून सांगतो, अहो, पुढची सहावी तरी वाचा! शत्रूपैकी कुणी आसरा मागितला तर त्याला तो द्या आणि सुरक्षित जागी पोचवा, असं तिथे आहे. जो न्याय आम्ही मागतो, तो दुसऱ्याच्या ग्रंथाला नाकारायचा कसा?

म्हणून आम्ही दोघं बसलो. मत्तयातली तलवार घरात पडणाऱ्या फुटीची आहे. बाप-लेक, सासू-सून यांची नावंच पुढे येतात आणि तेच वचन सांगताना लूक तलवारीच्या जागी 'फूट' म्हणतो. ठार करा म्हणणारा एका दृष्टांतातला राजा आहे, अर्थात दृष्टांतातला म्हणून त्याचा कठोरपणा कमी होत नाही. कोरड्याचं मात्र मी सारवासारव करून सांगितलं नाही. हजरत ईसांना राग आला होता. नबींना राग येतो, आमच्याकडेही येतो.

तलवार विकत घ्या म्हटल्यावर शिष्य सांगतात, इथे दोन आहेत. उत्तर मिळतं, पुरे. त्याच रात्री बागेत पकडायला माणसं येतात आणि त्या दोनांपैकी एक तलवार चालते. मुख्य याजकाच्या नोकराचा उजवा कान तुटतो. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे. वार करणारा पेत्र आणि नोकर मल्ख, ही नावं फक्त योहान देतो. येशूंनी तो कान हात लावून बरा केला, हे फक्त लूक सांगतो. मी हॉस्पिटलात प्लास्टर घालण्याचं काम करतो. मारामारीत दुखावलेली माणसं रोज बघतो, त्यामुळे सगळ्या गडबडीत ज्याला आधी तो कान दिसला, त्याच्याविषयी मला वेगळंच वाटतं.

याच कामामुळे मला एक पुस्तक मिळालं. आमच्याकडे एक इजिप्शियन सर्जन होते. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, आमच्याच धंद्यातल्या डॉक्टर मुहम्मद कामिल हुसेन यांचं नाव ऐकलंयस का? कामिल हुसेन (१९०१-१९७७) कैरोतले नामांकित अस्थिशल्यचिकित्सक आणि ऐन शम्स विद्यापीठाचे पहिले प्रमुख. त्यांनी १९५४ मध्ये 'करिया जालिमा' ही कादंबरी लिहिली. नाव कुरआनातल्या शब्दांवरून घेतलं आहे, अर्थ जुलमी गाव. केनेथ क्रॅग या अँग्लिकन धर्मगुरूंनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९५९ ला निघालं. मी तेच वाचलं.

कथा जेरुसलेममधल्या एकाच शुक्रवारची आहे, वधस्तंभाच्या दिवसाची. (मराठी ख्रिस्ती बांधवांचा हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. क्रूस म्हटलं की गळ्यातली साखळी आठवते. वधस्तंभ म्हटलं की ते काय होतं ते कळतं.) येशू स्वतः जवळजवळ पडद्याआड आहेत. पुढे दिसतात ती बाकीची माणसं. शहरातले वकील, मुफ्ती, याजक. मग शिष्य. मग रोमन. जवळजवळ प्रत्येकाला आतून टोचतंय की हे चुकतंय. तरी सगळ्यांच्या एकत्र निर्णयाने ते घडतं. एकेकट्याने जे कुणी केलं नसतं, ते जमाव करतो आणि कुणाच्याच हाताला रक्त लागत नाही. सदसद्विवेक एकट्या माणसालाच असतो, समूहाला नसतो, हे डॉक्टरांचं निदान आहे.

हे कधी लिहिलं तेही पाहा. १९४८ चं युद्ध होऊन सहाच वर्षं झाली होती. त्या शुक्रवारचा दोष सगळ्या ज्यूंच्या माथी मारायची युरोपची सवय शेकडो वर्षांची. सर्वच ज्यूंना दोषी धरता येणार नाही, हे व्हॅटिकनने जाहीर केलं ते १९६५ मध्ये. अकरा वर्षं आधी कैरोत बसून एका मुसलमान डॉक्टराने हा गुन्हा एका जमातीवर न ढकलता माणसाच्या स्वभावात शोधला. हे धैर्य मला कादंबरीतल्या कलेपेक्षाही मोठं वाटतं. कादंबरी म्हणून ती जरा लांबण लावते, हेही सांगून टाकतो.

शिष्यांचा भाग मात्र मी दोनदा वाचला. गुरूंना बळाने सोडवून आणावं की नाही, यावर त्यांची चर्चा चालते. शेवटी ते हात उचलत नाहीत, आणि ते ओझं त्यांना सुटत नाही. इथे दुसऱ्या गालाची किंमत कळते. वर्गात म्हणायला सोपी गोष्ट आहे ती. आपल्या माणसाला नेत असताना स्वस्थ बसणं म्हणजे काय, ते शिष्यांना विचारावं. आमच्या सूरह माइदामध्येही आदमचा एक मुलगा भावाला सांगतो की तू मला मारायला हात उचललास तरी मी उचलणार नाही. तोही मारला जातो.

मतभेद उरतोच. कुरआन सांगतं की हजरत ईसांना ना कुणी मारलं, ना वधस्तंभावर दिलं. लोकांना तसा भास झाला. माझी श्रद्धा तीच आहे. कामिल हुसेनही तो क्षण वर्णन करत नाहीत. दुपारी अंधार पडतो आणि लेखक तिथेच थांबतो. पण मारायचं तर लोकांनी ठरवलंच होतं, याबद्दल दोन्ही ग्रंथांत वाद नाही.

हे सगळं मी पोराला त्या रात्री सांगितलं असं नाही. अर्धं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे गुरुवारी मी गप्प बसू?" मला उत्तर सुचलं नाही. त्या मुलाने हसवलं होतं ते खरंच होतं, आणि लागलं माझ्या पोराला होतं. मी फक्त म्हटलं, योहानाचं अठरावं प्रकरण एकदा सगळं वाच, मग काय ते ठरव.

बुधवारी रात्री तो स्वयंपाकघरात आला. "अब्बा, तुम्ही हे पाहिलंत? पेत्र अंगणात शेकत उभा आहे. दोनदा तो सांगतो की मी त्याचा शिष्य नाही. तिसरा विचारणारा कोण आहे माहितीये? कान तोडला त्याचा नातेवाईक. म्हणतो, तुला मी बागेत पाहिलं ना? म्हणून घाबरला तो. तलवार काढली नसती तर तिसऱ्यांदा खोटं बोलावं लागलं असतं का?"

मी पन्नाशी ओलांडली, कैक वेळा वाचलं, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गुरुवारी तो यादी घेऊनच गेला. फाडली नव्हती. चार ओळींखाली पेन्सिलीने पाचवी लिहिली होती: योहान १८:२६.