पाटाकडेची वाट : नांदूर मधमेश्वरच्या सपाटीवरून सायकल

नाशिक आणि सायकल हे समीकरण आता महाराष्ट्राला नवे राहिलेले नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिका खंड आडवा ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. घाट चढणाऱ्या, पहाटे चारला घर सोडून शंभर किलोमीटर मारून येणाऱ्या मंडळींची या शहराला वाण नाही.

या लेखाचा विषय मात्र दुसऱ्याच सायकलस्वारांचा आहे. साठी उलटलेल्या आजी-आजोबांचा, दहा वर्षांच्या नातवाचा, वीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसू पाहणाऱ्या गृहिणीचा. त्यांना विक्रम नको आहे. त्यांना हवा आहे सपाट, शांत, पाण्याच्या कडेने जाणारा, मागून ट्रकचा भोंगा न वाजणारा रस्ता. असा रस्ता नाशिक जिल्ह्यात आहे का? आहे. शंभर वर्षांपूर्वी तो दुसऱ्याच कामासाठी तयार झाला.

चढाचा हिशेब

सायकलस्वाराला सपाटी का लागते, हे थोड्या गणिताने नीट कळते. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. ताशी १५ किलोमीटर या निवांत वेगाने सपाट डांबरी रस्त्यावर चाकांचे घर्षण आणि हवेचा अडथळा यांवर मात करायला साधारण ४५ ते ५० वॅट शक्ती पुरते. आता रस्ता शंभर मीटरला फक्त चार मीटर चढू द्या. हा चढ मोटारीतल्या माणसाला जाणवतही नाही. पण वेग तोच ठेवायचा, तर सायकलस्वाराला आणखी सुमारे १४० वॅट द्यावे लागतात. म्हणजे एकूण श्रम चौपट. सरावलेल्या माणसाला ते काही काळ जमते. नवशिक्या दोन मिनिटांत उतरून सायकल ढकलू लागतो आणि पुढच्या रविवारी येत नाही.

नाशिककरांची बहुतेक ओळखीची पाणस्थळे पश्चिमेला आहेत. १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण, त्याच्या वरच्या अंगाची काश्यपी आणि गौतमी, इगतपुरीकडचे दारणा, मुकणे, वैतरणा. निसर्ग देखणा, पण ही सगळी तळी सह्याद्रीच्या कुशीत आहेत. डोंगरांमधली अरुंद दरी अडवली की धरण स्वस्तात होते, आणि तशा ठिकाणी काठचा रस्ता सतत चढत-उतरत राहतो. शिवाय सुटीच्या दिवशी त्या रस्त्यांवर मोटारींची रांग असते. सोप्या सायकलीसाठी पूर्वेकडे पाहायला हवे.

पूर्वेचे उथळ तळे

नाशिक ओलांडून गोदावरी निफाड तालुक्यात शिरते, तेव्हा तिचा डोंगरी स्वभाव सुटलेला असतो. इथे काळ्या पाषाणावर गाळमातीचे जाड थर आहेत. ते किती जुने, याचा अंदाज एका गोष्टीवरून यावा : विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मधमेश्वरजवळच्या या गाळात नामशेष झालेल्या प्राचीन हत्तीचे अश्मीभूत अवशेष सापडले. नदीने हजारो वर्षे आणून पसरलेल्या मातीनेच ही सपाटी घडवली. चांदोरी-सायखेड्याला पावसाळ्यात पूर चटकन पसरतो, त्यामागेही हीच सपाटी आहे. पाण्याला उतरायला घाई नसते.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा दगडी बंधारा आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर सरकारने पाटबंधारे आयोग नेमला आणि अवर्षणग्रस्त भागांना संरक्षण देणाऱ्या कामांना चालना मिळाली. गोदावरी कालव्यांची योजना याच काळातली. १९१६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या दारणा धरणात पाणी साठवायचे, ते नदीतून खाली सोडायचे, मधमेश्वरला अडवून उंच करायचे आणि दोन्ही तीरांवरच्या कालव्यांत वळवायचे, अशी रचना. डावा कालवा निफाड तालुक्यातून कोपरगावकडे जातो. उजवा सिन्नरच्या कडेने कोपरगाव, राहात्याकडे. प्रत्येकाची लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास. या पाण्यावर पुढे ऊस आला आणि उसामागून साखर कारखाने आले.

बंधाऱ्यामागे मात्र कोणी न योजलेली गोष्ट घडली. नदीचा गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. अभियंत्याच्या लेखी हे नुकसान, पण पक्ष्यांना आयते घर मिळाले. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ साली इथे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची नोंद झाली. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चमचा, क्रौंच येतात; जांभळी पाणकोंबडी वर्षभर असते. पाण्यावर थव्याने फिरणाऱ्या काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्याला आपल्याकडे ‘वारकरी’ म्हणतात. तोही इथे मुबलक.

कालव्याची कड सपाट का असते

सायकलच्या दृष्टीने या योजनेतला महत्त्वाचा भाग म्हणजे कालव्याची कड. पंप न लावता पाणी शंभर किलोमीटर न्यायचे, तर उतार अगदी बेताचा हवा. जास्त झाला तर प्रवाह काठ खरवडतो, कमी झाला तर गाळ बसतो. मातीच्या कालव्याला म्हणून साधारण तीन ते आठ हजारांत एक असा उतार देतात. म्हणजे एक किलोमीटर चालल्यावर जमीन एखाद-दीड वीत खाली जाते. हा उतार राखण्यासाठी कालवा टेकाड आले की वळसा घालतो, ओढा आला की जलसेतूवरून जातो. सायकलस्वाराने करावी अशी सगळी आखणी पाण्यासाठी आधीच करून ठेवलेली असते.

आणि प्रत्येक मोठ्या कालव्याला एक सेवापथ असतो. पाटकऱ्याने फेरी मारावी, फुटलेला काठ दिसावा, दारे उघडता-मिटता यावीत यासाठी काठावर ठेवलेली मुरमाची वाट. बहुतेक ठिकाणी एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेत, मधून बाभूळ, कडुनिंब.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात असेच घडले. तिथले कालवे नावांसाठी होते. नाव ओढणाऱ्या घोड्यासाठी काठाने वाट ठेवलेली असे. घोडे गेले, मालवाहतूक रेल्वेकडे गेली, आणि त्या वाटांवर आज लोक चालतात, सायकली फिरवतात. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सीमेवरचे नॉइसिडल सरोवर तर नांदूर मधमेश्वरचे मोठे भावंडच वाटावे : दोन मीटरही खोल नसलेले पाणी, भोवती लव्हाळ्याचे रान, पक्ष्यांची गर्दी, रामसर दर्जा आणि सपाट काठाने जाणारा सायकलमार्ग. द्राक्षांचे मळे दोन्हीकडे आहेत.

प्रत्यक्ष जायचे तर

नाशिकहून नांदूर मधमेश्वर चाळीसेक किलोमीटर. नवशिक्याने हा महामार्ग सायकलने करू नये. सायकली वाहनात घालून निफाडपर्यंत जावे आणि तिथून पुढे गावरस्त्यांना लागावे. खानगाव थडी, मांजरगाव, चापडगाव ही तळ्याकाठची गावे. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. नावातच पत्ता आहे. चापडगावला वनखात्याचे केंद्र आहे, तळ्याकाठी निरीक्षण मनोरे आहेत. अभयारण्यात शिरताना तिथल्या नियमांप्रमाणे नोंद करावी आणि कालव्याकडेला जायचे तर स्थानिक पाटकऱ्याला विचारूनच. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर भरपूर झाले.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात इथली काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यात अशी बसते की सायकल उचलूनच न्यावी लागते. हिवाळ्याचा त्रास वेगळा : निफाडच्या कुंदेवाडीतील गहू संशोधन केंद्रातला पारा जिल्ह्यातल्या नीचांकासाठी प्रसिद्ध आहे. हातमोजे आणि कानटोपी विसरू नये. उघड्या सपाटीवर चढाची जागा वारा घेतो. म्हणून जाताना वाऱ्यासमोर जावे, परतताना तो पाठीशी असावा. बाभळीचा काटा आणि सराटा हे इथले खरे शत्रू आहेत. जाड टायर, जादा ट्यूब आणि पंप बरोबर हवेच. उसाचा गळीत हंगाम सुरू असतो, तेव्हा गावरस्त्यांवर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या येतात. त्यांना थांबता येत नाही, आपणच बाजूला व्हावे.

एक पथ्य पक्ष्यांसाठी. सरळ निघून जाणाऱ्या सायकलला पक्षी फारसे दचकत नाहीत. थांबून बोट दाखवणाऱ्या घोळक्याने थवा उठतो. थांबायचे ते मनोऱ्याशी.

वाट कोणाची?

आता कळीचा प्रश्न. कालव्याकडेला रहदारी का नसते? कारण ती वाट खडबडीत आहे आणि कायद्याने सार्वजनिक रस्ता नाही. कालवा आणि त्याची कड जलसंपदा विभागाची. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ त्यांना लागू होतो. हे निर्बंध निरर्थक नाहीत. मातीचा काठ जड वाहनाने खचतो, फुटतो आणि खालच्या शेतांचे नुकसान होते.

पण म्हणून वाट सुरक्षित आहे असे नाही. शहरात काय होते ते नाशिकने पाहिले आहे. गंगापूरचा उजवा कालवा शहरात बंद झाला; उपनगर भागात आजही ‘कॅनॉल रोड’ हे नाव आहे, पण तिथे धावतात त्या मोटारी. ग्रामीण भागातही उघड्या पाटांच्या जागी बंद नलिका टाकण्याकडे कल आहे. पाणी वाचवण्यासाठी ते योग्यच. मात्र नलिका जमिनीखाली गेली की वरची पट्टी कोणाची, हे आधी ठरले नाही तर ती शेजारच्या शेतात मिसळते किंवा डांबर पडून आणखी एक मोटाररस्ता होतो. शंभर वर्षे राखलेली सपाट, सलग वाट एकदा तुटली की पुन्हा जोडता येत नाही. इतकी लांब सलग जमीन आज संपादित करायची म्हटली, तर कोणत्याही खात्याला पेलणार नाही.

उपाय खर्चिक नाही. निवडक टप्प्यांवर दाबलेला मुरूम, दोन्ही तोंडांना मोटार अडवणारे पण सायकल जाऊ देणारे खांब, खोल पाण्याच्या जागी कठडा, आणि आवर्तनाच्या काळात पाटकऱ्याला वाट बंद ठेवण्याचा अधिकार. डांबर नको, गुळगुळीत झाला की रस्ता वेग मागतो.

याचा लाभ रविवारच्या पाहुण्यांपुरता नाही. कालव्याकाठच्या वस्त्यांतली मुले रोज सायकलने शाळेला जातात आणि आज त्यांच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या, कांद्याचे ट्रक आहेत. ज्या वाटेवर नातवाला निर्धास्त सोडता येते, त्याच वाटेवर आठवीतली मुलगी निर्धास्त शाळेत जाऊ शकते. पाहुण्यासाठी केलेली सोय बारा महिने वापरणार आहेत ती गावची माणसे. तेव्हा आधी विचारायचे तेही त्यांनाच.