सर्व्हर चालू, एसी बंद! हजार रुपयांच्या आत तयार होणारा सेन्सर धोका कसा कळवतो?

अहिल्यानगर : शनिवारी रात्री वीज जाते. पतसंस्थेच्या शाखेतला सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो. एसी यूपीएसवर नसतो. अर्ध्या तासाने वीज येते, पण ऑटो रीस्टार्टची सोय नसलेला एसी बंदच राहतो. कोंडलेल्या खोलीत सर्व्हर स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो. हे कळतं सोमवारी सकाळी, काउंटरसमोर खातेदारांची रांग लागल्यावर.

पतसंस्था, साखर कारखाने आणि महाविद्यालयांच्या या जिल्ह्यात असं घडणं अवघड नाही. ते टाळणारं उपकरण मात्र स्वस्त आहे.

धोका खरंच एवढा मोठा आहे?

१९ जुलै २०२२ रोजी लंडनमध्ये पारा ४० अंशांवर गेला. गाय्ज अँड सेंट थॉमस रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटर बंद पडली आणि डॉक्टरांना कागदावर काम करावं लागलं. आपल्याकडच्या उन्हाळ्याला ४० अंश नवे नाहीत.

खोली किती थंड हवी?

'अ‍ॅशरे' या अमेरिकी अभियंता संस्थेची शिफारस १८ ते २७ अंश सेल्सिअसची आहे. हे तापमान सर्व्हर आत ओढतो त्या हवेचं. म्हणून सेन्सर रॅकच्या पुढच्या बाजूला लावा. मागच्या बाजूला गरम हवा बाहेर पडते, तिथला आकडा फसवतो.

काय काय लागतं?

• वायफाय असलेला ईएसपी८२६६ बोर्ड, म्हणजे नोडएमसीयू
• तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर
• तीन जंपर वायर, जुना मोबाइल चार्जर

स्वस्तातला डीएचटी११ दोन अंशांपर्यंत चुकू शकतो. डीएचटी२२ साधारण अर्ध्या अंशापर्यंत. म्हणून थोडे जास्त पैसे मोजलेले बरे. सेन्सर बोर्डाला चिकटवू नका, बोर्ड स्वतःही तापतो.

काम कसं चालतं?

बोर्ड दर मिनिटाला तापमान वाचतो. लागोपाठ तीन वेळा २७ अंशांच्या वर आकडा आला, की टेलिग्राम बॉटमार्फत मोबाइलवर मेसेज जातो. एका वाचनावर इशारा दिला, तर खोटे मेसेज येतात आणि लोक ते बघणंच सोडून देतात.

वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलं तर?

खरी मेख इथेच आहे. राउटर बंद असेल तर खोली तापूनही मेसेज येणार नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. म्हणून बोर्ड आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा. शिवाय बोर्डाने दर १५ मिनिटांनी गुगल शीटमध्ये 'मी चालू आहे' अशी नोंद करावी. अर्धा तास नोंद आली नाही, तर अ‍ॅप्स स्क्रिप्ट आपोआप ईमेल पाठवेल. ही तपासणी इमारतीबाहेर होते, त्यामुळे शाखेत अंधार झाला तरी ती थांबत नाही.

काय लक्षात ठेवाल?

हा फायर अलार्म नाही; त्यासाठी प्रमाणित यंत्रणाच हवी. बसवल्यावर एकदा सेन्सरजवळ गरम हवा सोडून आणि एकदा चार्जर काढून चाचणी घ्या. इशारा किमान दोघांना जाऊ द्या. त्यातला एक जण शाखेजवळ राहणारा आणि किल्ली जवळ बाळगणारा असावा. एसी पुन्हा सुरू करायला शेवटी माणूसच लागतो.