आईविना वाढलेलं आतडं

मेलेल्या कोंबडीच्या आतड्यावर विश्वास ठेवता येत नाही. शेडवर पोचल्यावर पहिली ओढाताण यावरूनच होते. शेतकऱ्याने सकाळी उचललेली मर दाराशी मांडून ठेवलेली असते, आणि आम्ही मागतो ते चालतेफिरते, दाण्यावर येणारे पक्षी. जीव गेल्यावर काही मिनिटांतच आतड्याचं अस्तर सुटायला लागतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जीवाणू निरोगी कोंबडीच्या पोटातही थोडाफार असतोच. पक्षी मेला की तो मोकाट वाढतो. उकाड्यात दोन तास पडून राहिलेला पक्षी उघडला तर चांगलं आतडंही रोगट दिसतं, आणि त्यावर विसंबून औषध लिहिलं तर पैसे आणि औषध दोन्ही वाया जातात.

म्हणून शेडच्या निरनिराळ्या भागांतून पाच पक्षी निवडायचे. हाताला पहिल्यांदा लागेल तो सोडून द्यायचा, कारण सहज सापडणारा पक्षी बहुतेक वेळा आधीच मंदावलेला असतो. "चांगला पक्षी कशाला मारता, डॉक्टर?" हा प्रश्न प्रत्येक शेडवर येतो आणि तो रास्तच आहे. करारावर कोंबड्या वाढवणाऱ्याचं सगळं उत्पन्न दोन गोष्टींवर ठरतं: मर किती झाली आणि किती दाण्यात किती वजन आलं. त्याच्या डोळ्यांदेखत किलोभराचा धडधाकट पक्षी मारायचा तर त्यातून काढता येईल तेवढं सगळं काढून त्याला सांगितलं पाहिजे, असं मी मानतो. मान निखळवण्याचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. ते एका झटक्यात व्हायला हवं.

ज्या शेडबद्दल सांगतोय ते सातारा जिल्ह्यातलं, नीरेच्या खोऱ्यातलं. पाच हजार पक्षी, खाली भाताचं तूस, आणि पाऊस नुकताच लागलेला. पक्षी तेवीस दिवसांचे. मर फारशी नव्हती, पण दाणा खाऊनही वजन अडकलं होतं आणि विष्ठेत मक्याचे कण जसेच्या तसे दिसत होते.

पिसं जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवली की धूळ उडत नाही. दोन्ही मांड्या बाजूला मोडून पाडल्या की पक्षी पाठीवर स्थिर राहतो. मग बोटं वरून खाली जातात. खाद्यपिशवीत दाणा भिजलेला आहे की कोरडा? कोरडा असेल तर निपलमधून पाणी पुरत नाही. गिझर्डमध्ये, म्हणजे चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो त्या पेट्यात, तूस सापडलं तर फीडर मधेच रिकामे राहतात. यकृताचा रंग, प्लीहेचा आकार. हे सगळं भराभर होतं.

वेळ जातो तो बर्सापाशी. आतड्याच्या अगदी शेवटी, विष्ठाद्वाराच्या वरच्या अंगाला ही फिकट गोल गाठ असते. बर्सामीटर नावाची भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी मिळते. गाठ कोणत्या भोकात बसते त्यावरून आकार कळतो. गंबोरो रोगाचा विषाणू नेमका इथे शिरतो. बर्सा आधी सुजतो, मग आक्रसतो. त्यातून पक्षी वाचला तरी मानमोडीच्या लसीला पुढे नीट दाद देत नाही, आणि शेतकरी लसीला दोष देत राहतो.

इटलीत पाडुआला शिकवणाऱ्या फॅब्रिशियसने या गाठीचं वर्णन केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापलं गेलं. पुढे तीन शतकांहून अधिक काळ ती गाठ कशासाठी आहे हे कुणालाच सांगता आलं नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने लहान पिल्लांचा बर्सा काढून पाहिला. पिल्लं छान वाढली, उत्तर काही मिळालं नाही. पुढे टिमथी चँग या त्याच्या सहाध्यायाला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचं होतं: कोंबडीला साल्मोनेलाचा अंश टोचायचा आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झालेली दाखवायची. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या घेतल्या. काही मेल्या, आणि ज्या जगल्या त्यांच्यातल्या कित्येकांच्या रक्तात प्रतिपिंडं नव्हतीच. नोंदी पाहिल्या तर त्या सगळ्या बर्सा काढलेल्या निघाल्या. ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला, १९५६ मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला. पुढे १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीवरच दाखवून दिलं की प्रतिकारशक्तीचे दोन वेगळे हात असतात: एक थायमस ग्रंथीतून येणारा, दुसरा बर्सातून. माणसाच्या शरीराचाही तोच आराखडा निघाला.

या शोधातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बर्सा आतड्याला एका बारीक नळीने जोडलेला असतो. आतड्यातल्या मालाचे कण त्यातून आत जातात आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी त्यांच्या संगतीत वाढतात. कोंबडीला आपल्यासारख्या काखेतल्या, जांघेतल्या लसिकाग्रंथी नसतात. तिच्या प्रतिकारशक्तीचा मोठा पसारा आतड्याच्या भिंतीतच असतो. पोटात काय शिरतं यावर तिचं शरीर काय शिकतं हे ठरतं.

आता आतडं. आधी ते बाहेरून बघायचं, न कापता. वरच्या वळशात, जिथे स्वादुपिंड अडकलेलं असतं तिथे, भिंतीतून पांढरे आडवे पट्टे दिसले तर आयमेरिया ॲसर्व्हुलिना हा परजीवी. मधल्या भागात एक बारीकशी गाठ लागते, पिल्लू अंड्यात असताना बलकाची पिशवी जिथे जोडलेली होती तिची खूण. तिच्या आसपास लाल ठिपके आणि आत नारिंगी चिकटा असेल तर आयमेरिया मॅक्झिमा. शेवटच्या दोन आंधळ्या पिशव्यांत रक्त असेल तर टेनेला. शेतकरी रक्ती हगवण म्हणतात ती हीच. १९७० मध्ये जॉन्सन आणि रीड यांनी ठरवून दिलेल्या शून्य ते चार या गुणपद्धतीने आजही जगभर ही आतडी तपासली जातात. मग कात्री घालायची. निरोगी आतडं कापल्याबरोबर कडेला गुंडाळतं. मलूल आतडं कापल्या जागी पसरून पडतं. क्लॉस्ट्रिडियमने खाल्लेलं आतडं तर आतून टर्किश टॉवेलसारखं खरबरीत दिसतं. ते एकदा पाहिलेल्याला पुन्हा ओळखायला पुस्तक लागत नाही.

नीरेकाठच्या पाचांपैकी तिघांत पांढरे पट्टे होते, दोन गुणांचे. मधल्या भागात नुसत्या डोळ्यांना फारसं काही दिसत नव्हतं, पण अस्तर खरवडून काचपट्टीवर घेतलं तर मॅक्झिमाची मोठी, तपकिरी झाक असलेली ऊसिस्ट (परजीवीची कवचबंद बीजं) दिसली. बर्सा पाचही पक्ष्यांत चांगले होते.

कॉक्सी, म्हणजे आयमेरियाची ही लागण, पूर्णपणे घालवून टाका, असं शेतकरी म्हणतो तेव्हा मला थांबून समजावावं लागतं. ऊसिस्ट विष्ठेतून तुसावर पडतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एकदोन दिवसांत ती संसर्गक्षम होतात. कोंबडी ती टिपते, गिझर्डमध्ये कवच भरडलं जातं, पित्त आणि पाचकरसांनी आतले जीव मोकळे होतात, अस्तराच्या पेशींत शिरून वाढतात आणि साधारण चार ते सात दिवसांत नवी ऊसिस्ट बाहेर पडतात. या फेऱ्यांतूनच पक्षी शिकतो. थोडी थोडी लागण होत गेली तर दोनतीन फेऱ्यांत तो त्या जातीला पुरून उरतो, मात्र फक्त त्याच जातीला. ॲसर्व्हुलिना पचवलेला पक्षी टेनेलापुढे कोराच असतो. हॅचरीत पिल्लांवर फवारतात ती जिवंत कॉक्सी लस याच शिकण्यावर उभी आहे. शिवाय इथे बर्साचा हात दुय्यम ठरतो: बर्सा काढलेल्या कोंबड्याही दुसऱ्यांदा आलेल्या कॉक्सीला तोंड देऊ शकल्या. लढतात त्या मुख्यतः थायमसमधून आलेल्या पेशी. पण तूस फार ओलं झालं तर एका दिवसात इतकी ऊसिस्ट पोटात जातात की शिकायला सवडच मिळत नाही. तूस अगदी कोरडं असेल तर फेराच तुटतो आणि लस अर्धवट राहते. वीस-पंचवीस टक्के ओल चांगली. मुठीत दाबलेल्या तुसाचा गोळा होऊन तो सुटला नाही तर ओल जास्त झाली, हे मी प्रत्येकाला हातात तूस देऊन दाखवतो.

हे सगळं शिकणं पिल्लाने आईपाशी करायचं असतं. आमच्याकडे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात आणि लगेच आईच्या पंखाखाली शिरतात. ती उकिरड्यावर उकरते, ही मागे मागे टिपतात. तिची विष्ठाही टोचतात. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बलकातून त्यांना आधीच मिळालेली असतात, पण ती उसनी. दोनतीन आठवड्यांत संपतात. आतड्यात वस्ती करणारे जीवाणू मात्र आईकडून जिवंत मिळतात, ते पिल्लाचे स्वतःचे होतात.

ब्रॉयलरच्या पिल्लाला आई भेटतच नाही. अंडं यंत्रात उबतं, धुरी दिलेल्या खोलीत फुटतं, पिल्लू खोक्यात बसून ट्रकने शेडवर येतं. यामागचं कारणही खरं आहे: आईकडून साल्मोनेला येतो, मायकोप्लाझ्मा येतो. ही साखळी तोडली म्हणूनच एवढ्या मोठ्या संख्येने कोंबड्या पाळता आल्या. पण वाईटाबरोबर चांगलंही गेलं. १९७१ मध्ये फिनलंडमध्ये ब्रॉयलरांत साल्मोनेला इन्फँटिस पसरला. एस्को नुर्मी यांच्या लक्षात आलं की प्रौढ कोंबडीला लागण व्हायला पुष्कळ जंतू लागतात, नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला मात्र अगदी थोडे पुरतात. त्यांनी आणि रँताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला माल पातळ करून एक दिवसाच्या पिल्लांना पाजला, आणि पिल्लं साल्मोनेलाला दाद देईनाशी झाली. १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. जागा आधीच भरलेली असेल तर नवा जंतू बसणार कुठे?

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्याच्याही पुढचं दाखवलं. पिल्लांना प्रौढ कोंबडीबरोबर फक्त चोवीस तास ठेवलं तरी त्यांच्या आंधळ्या पिशव्यांतली वस्ती आईसारखी व्हायला लागते. एक दिवस! आमच्या क्षेत्रात इतकं साधं आणि इतकं मोठं काही मी फार कमी वाचलं आहे. बाजारात आतड्यासाठी म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांतले जीवाणू हे त्या वस्तीतले मूळ रहिवासी नसतात. बाटली बंद केली की तेही ओसरतात. त्यांचा थोडा उपयोग होत असेल, पण त्यांना आईची जागा देणं मला पटत नाही.

ही रिकामी जागा मधली कित्येक दशकं आपण प्रतिजैविकांनी झाकली. भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडर्ले प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते, तिथेच १९५० च्या सुमारास स्टोकस्टॅड आणि जूक्स यांना दिसलं की ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचा चोथा दाण्यात मिसळला तर पिल्लं झपाट्याने वाढतात. मग जगभर तीच रीत पडली, आणि तिच्याबरोबर औषधांना न जुमानणारे जंतूही वाढले. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी दाण्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं. भारताने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. माणसाच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध आपण कोंबडीच्या दाण्यात घालत होतो, हे मला आजही टोचतं.

त्यामुळे आता प्रयोगशाळेतलं काम वाढलं आहे. कोणताही नवा पदार्थ आला, ब्युटिरेट असो की यीस्टचा अर्क, तो आतड्यात प्रत्यक्ष काय करतो ते पाहावंच लागतं. पक्षी मारल्या क्षणी आतड्याचा बोटभर तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकायचा, मेणात बसवायचा, पाच मायक्रॉनचे काप काढून रंगवायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांची उंची आणि त्यांच्यामधल्या खाचांची खोली मोजत बसायचं. उंचवटे उंच आणि खाचा उथळ असतील तर शोषण चांगलं. खाच खोल गेली म्हणजे अस्तर सारखं झिजतंय आणि शरीर ते भरून काढण्यात दाणा खर्च करतंय. वजन अडकतं ते इथे. आतडं पाझरतंय का हे पाहायला एक सुंदर चाचणी आहे. चमकणारा रंग जोडलेली मोठ्या रेणूची साखर पक्ष्याला पाजायची. निरोगी भिंतीतून ती पार होत नाही. तासाभराने रक्त काढायचं. रक्त यंत्रात चमकलं तर भिंतीचे सांधे उसवले आहेत.

एवढं सगळं सांगून झाल्यावर त्या शेतकऱ्याने विचारलं, "मग पाण्यातून काय सोडू?" मी त्याला प्रतिजैविक लिहून दिलं नाही. निपलची रांग पक्ष्यांच्या डोक्याच्या मानाने खाली राहिली होती आणि दाब जास्त होता, खाली तुसाची थापी धरली होती. रांग वर घ्या, थापी काढून बाहेर न्या, कोरडं तूस टाका, पाऊस येत नाही त्या बाजूचे पडदे दुपारी उघडे ठेवा, रोज सकाळी तूस हलवा. विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, मग ॲम्प्रोलियम हे कॉक्सीवरचं औषध पाण्यातून देऊ.

"आणि दादा, अठ्ठाविसाव्या दिवशी मी परत येतोय. पाच पक्षी लागतील."

त्याने बॅचच्या कार्डावर तारीख लिहून घेतली.