गोव्याची भुकटी, बाहियाचे झाड

पहिला पाऊस पडून गेला की बुरहानपूरच्या लालबागेत, स्टेशनाच्या आसपासच्या पडीक जागांवर, तरोटा उगवतो. तसा तो सगळ्या खानदेशात उगवतो. देशावर आणि कोकणात त्यालाच टाकळा म्हणतात, हिंदी बोलणारे शेजारी पंवाड म्हणतात. कोवळ्या पानांची भाजी होते. पुढे शेंगा वाळल्या की बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावायच्या, हा घरोघरचा उपाय. वैद्यांच्या निघंटूंत याच झाडाला चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हटले आहे. दद्रू म्हणजे आपले गजकर्ण.

या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. जुने रसायनशास्त्रज्ञ त्याला क्रायसोफॅनिक आम्ल म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या औषधांच्या पुस्तकांत हे नाव शोधत गेले की एका वेगळ्याच औषधापाशी पोचायला होते: गोवा पावडर. प्रस्तुत लेखकाला ही भुकटी गेली अनेक वर्षे सोडत नाही. त्वचेच्या दाहावरच्या औषधांचा विषय निघाला की मराठीत हळदीच्या पेटंटची गोष्ट हमखास सांगितली जाते. मिसिसिपी विद्यापीठाला १९९५ मध्ये अमेरिकेत मिळालेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने पुढे केलेले जुने पुरावे आणि १९९७ मध्ये रद्द झालेला तो हक्क, हे सगळे वाचकांना पाठ आहे. त्या लढाईचे मोल कमी नाही. पण तिच्यात कायदा जास्त आणि औषध कमी. औषध खरोखर कसे सापडते, कसे चुकीच्या नावाने खपते आणि कारखान्यात कसे पुन्हा घडवले जाते, हे पाहायचे तर गोवा पावडरच पाहावी.

ही पिवळसर तपकिरी भुकटी १८५२ च्या सुमारास गोव्यात आली असावी, असे जुने संदर्भग्रंथ सांगतात. तेव्हा पणजीतल्या वैद्यकीय शाळेला जेमतेम दहा वर्षे झाली होती. भुकटी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवायची आणि गजकर्णावर चोपडायची. गुण असा की मुंबईच्या बाजारातही तिला मागणी आली. कोणी तिला ब्राझील पावडर म्हणे, कोणी बाहियाची भुकटी, इंग्रज सरळ रिंगवर्म पावडर म्हणत. एवढी नावे असूनही ती कशापासून होते, हे कोणाला नीट सांगता येईना. गोव्याच्या एकाही झाडाशी तिचा मेळ बसत नव्हता.

मुंबईतले औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी १८६४ मध्ये लंडनच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’मध्ये या भुकटीवर टिपण दिले. केम्प हे नाव मुंबईकरांच्या तोंडी रोज असते. केम्प्स कॉर्नर हा नाका त्याच नावाच्या औषधांच्या पेढीवरून ओळखला जाऊ लागला. टिपण छोटे होते, पण त्यामुळे एका बाजारू औषधाला शास्त्राच्या दप्तरात जागा मिळाली. त्यानंतर दहा वर्षे विषय थंडच होता. १८७४ मध्ये हिंदुस्थानात मोठी नोकरी करून परतलेले सर जोसेफ फेरर यांनी लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात गोवा पावडरीचे गुण गायले. त्यावर उत्तर आले ते थेट ब्राझीलहून.

हे उत्तर देणारा माणूस आपल्याकडे कोणाला माहीत नाही, आणि ही मोठी खंत आहे. जुझे फ्रान्सिस्कु द सिल्वा लीमा जन्माने पोर्तुगीज, कर्माने ब्राझीलमधल्या बाहियाचे. साल्वादोर शहरात गुलामांची आणि गरिबांची दुखणी पाहत त्यांनी उभी हयात काढली. पायाची करंगळी आपोआप गळून पडणाऱ्या ‘आयन्युम’ या रोगाचे पहिले नेटके वर्णन त्यांनीच १८६७ मध्ये केले. ते बाहियातल्या ज्या डॉक्टरांच्या गटात होते, त्या गटाला युरोपातल्या पुस्तकांपेक्षा समोरच्या रोग्यावर जास्त भरवसा होता. फेरर यांचा लेख वाचून द सिल्वा लीमांनी १८७५ मध्ये कळवले की ज्याला तुम्ही गोवा पावडर म्हणता, ती आमच्याकडची अरारोबा आहे. आमच्या जंगलातल्या झाडाची ही भुकटी पोर्तुगालला जाते आणि तिथून पोर्तुगिजांच्या वसाहतींत पोचते. गोव्याचा वाटा एवढाच की ती तिथे वापरात रुजली आणि तिथूनच जगाच्या नजरेत आली. झाडाला ‘आंदिरा अरारोबा’ हे शास्त्रीय नाव मिळायला आणखी चार वर्षे गेली. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ‘व्हाटायरेऑप्सिस अरारोबा’ म्हणतात.

हे झाड ऐंशी ते शंभर फूट वाढते. भुकटी पानात नसते, फुलात नसते, सालीतही नसते. खोडाच्या गाभ्यात भेगा पडतात आणि त्या भेगांत ती साचते. म्हणजे झाड पाडायचे, खोड चिरायचे आणि गाभा खरवडायचा. ताजी भुकटी फिकट पिवळी असते, हवा लागली की काळवंडत जाते. खरवडणाऱ्याच्या तोंडाला आणि डोळ्यांना ती झोंबते. जे द्रव्य लाकूडतोड्याची धड कातडी लाल करते, तेच रोगट कातडीला बरे करते. या औषधाचा सगळा स्वभाव इथेच कळतो.

ओळख पटताच रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. लंडनचे जॉन अ‍ॅटफील्ड यांनी १८७५ मध्येच पृथक्करण करून सांगितले की हिच्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक क्रायसोफॅनिक आम्ल आहे. म्हणजे आपल्या तरोट्यातले आणि रेवाचिनीतले तेच द्रव्य. पुढच्या वर्षी बाल्मानो स्क्वायर यांचा प्रवेश झाला. लंडनच्या त्वचारोग रुग्णालयातले हे शल्यचिकित्सक मोठे हौशी. त्वचारोगांची छायाचित्रे काढून, हाताने रंगवून त्यांनी १८६० च्या दशकातच ग्रंथ काढला होता. त्यांच्या एका रोग्याने अंगावरचे चट्टे गजकर्णाचे समजून गोवा पावडर लावली आणि चट्टे गेले. ते गजकर्ण नव्हतेच, तो सोरायसिस होता. सोरायसिसमध्ये बुरशीचा काही संबंध नसतो. शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या गडबडीने कातडी सुजते, भराभर वाढते आणि चांदीसारखे पापुद्रे धरते. त्यावर तेव्हा धड औषध नव्हते. स्क्वायर यांनी धागा पकडला, मलम करून रोग्यांवर वापरले आणि क्रायसोफॅनिक आम्लाच्या मलमाने सोरायसिस जातो, असे जाहीर केले.

इथे एक मजेशीर भांडण आहे. १८७८ मध्ये लीबरमान आणि सायडलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले की ताज्या भुकटीत क्रायसोफॅनिक आम्ल मुळी फारसे नसतेच. तिच्यात त्याचे ऑक्सिजन न लागलेले रूप असते. त्याला त्यांनी क्रायसारोबिन म्हटले. अ‍ॅटफील्ड यांना जे सापडले, ते या क्रायसारोबिनचे हवेने झालेले रूपांतर. हा वाद नुसता नावाचा नव्हता, कारण सोरायसिसवर काम करते ते क्रायसारोबिनच. ऑक्सिजन घेऊन क्रायसोफॅनिक आम्ल झाले की त्याचा तो प्रभाव जवळपास संपतो. म्हणजे स्क्वायर यांनी आपल्या मलमाला जे नाव दिले, ते शुद्ध द्रव्य खरेच त्यात घातले असते तर रोगी तसाच राहिला असता. तरोट्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल आहे म्हणून त्या सोरायसिसवरही चालतील, असे छातीठोक सांगणाऱ्यांनी हे जुने भांडण एकदा वाचावे.

पुढे क्रायसारोबिन ब्रिटिश फार्माकोपियात गेले. मलमाचे प्रमाण ठरले: एक भाग औषध, चोवीस भाग डुकराची चरबी. ज्यांनी लावले त्यांना गुण आला आणि तापही झाला. चट्ट्याभोवतीची कातडी आधी लाल, मग जांभळट तपकिरी होई. नखे, केस, उशीचा अभ्रा, सदऱ्याची बाही, सगळ्यावर डाग पडत आणि साबणाने धुतले तर डाग अधिकच गडद होत, कारण अल्कलीत हे द्रव्य रक्तासारखे लाल होते. बोट चुकून डोळ्याला लागले तर डोळा सुजे.

पहिल्या महायुद्धात बाहियाचा माल जर्मनीला पोचेना. सोरायसिसचे रोगी तर होतेच. बायरच्या रसायनशास्त्रज्ञांनी क्रायसारोबिनच्या सांगाड्यासारखे द्रव्य प्रयोगशाळेत घडवले. फरक एकाच मेथिल गटाचा: मूळ द्रव्यात तो होता, नकलेत नाही. सिग्नोलिन नावाने आलेल्या या द्रव्यावर १९१६ मध्ये ड्रेस्डेनचे गालेव्स्की आणि हॅम्बुर्गचे पाउल उन्ना यांनी लिहिले. नक्कल अस्सलापेक्षा सरस निघाली. कमी मात्रेत काम होई आणि दर वेळी माल सारखा मिळे. तेच आजचे डायथ्रॅनॉल, अमेरिकेतले अँथ्रालिन. झाडाचे तेवढे शुद्ध आणि कारखान्याचे ते विष, असे समजणाऱ्यांना या उदाहरणाचे उत्तर देता येत नाही. जंगलातली झाडे वाचली, हा फायदा वेगळाच.

लीड्सच्या जॉन इंग्रॅम यांनी १९५३ मध्ये डायथ्रॅनॉलच्या वापराला शिस्त लावली. रोग्याने आधी डांबर घातलेल्या पाण्यात अंघोळ करायची, मग अतिनील किरण घ्यायचे, मग झिंक ऑक्साइड आणि पिष्ट असलेल्या घट्ट लासार पेस्टमध्ये डायथ्रॅनॉल मिसळून ते नेमके चट्ट्यावरच लावायचे. पेस्ट घट्ट, म्हणून औषध पसरत नाही आणि शेजारची कातडी भाजत नाही. रोज हेच, काही आठवडे. कातडी स्वच्छ होई, पण त्यासाठी इस्पितळात राहावे लागे आणि परिचारिकांना वेळ काढावा लागे.

इतका खटाटोप कोण करणार? आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कचे सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर लावून दाखवले होते. डाग नाही, आग नाही, वास नाही, खाज मात्र झटक्यात जाते. मग बीटामेथासोन आले, क्लोबेटासोल आले, एकापेक्षा एक जोरकस. या स्टेरॉइडांनी त्वचारोगशास्त्र बदलून टाकले, हे निर्विवाद. पण डायथ्रॅनॉल कातडीच्या पेशींची अवाजवी वाढ रोखते, तर स्टेरॉइड शरीराची प्रतिक्रियाच दाबते, हा फरक दुकानापर्यंत कधी पोचला नाही.

निसर्गाकडून औषधे यायची थांबली आहेत, असेही नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात जॉन वेबस्टर आणि गेनहुई चेन जमिनीतल्या सूत्रकृमींवर काम करत होते. हे कृमी कीटकात शिरून त्याला मारतात, आणि त्यांच्या पोटातले जिवाणू एक द्रव्य सोडून त्या मढ्यावर इतर जंतूंना फिरकू देत नाहीत. ते द्रव्य कातडीचा दाह कमी करते, असे आढळले. आज ते कारखान्यात बनते. टॅपिनारॉफ या नावाने त्याला २०२२ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी आणि २०२४ मध्ये इसबासाठी परवानगी मिळाली. ते पेशीतल्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) हात घालते, त्यालाच जुने डांबरही हात घालते, हे २०१३ च्या संशोधनाने दाखवले आहे. म्हणजे आजोबांच्या काळचे ते घाण वासाचे मलम अगदीच अडाणी नव्हते.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे. बुरहानपूर हे यंत्रमागांचे आणि केळीचे गाव. उकाडा, घाम, अंगाला चिकटलेले कपडे, एका खोलीत चार-पाच जण, टॉवेल एकच. बुरशीला आणखी काय हवे? शहरात डॉक्टर आहेत, वैद्य आहेत, युनानीचे सैफिया हमीदिया कॉलेजही आहे. तरी लालबागेत काय किंवा रावेर, मुक्ताईनगर, अकोल्यात काय, जांघेत चट्टा उठला की माणूस आधी मेडिकल स्टोअर गाठतो आणि ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. हातात येते ती पुष्कळदा तिहेरी मिश्रणाची: थोडे बुरशीनाशक, थोडे प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. दोन दिवसांत खाज जाते, लाली ओसरते, माणूस खूश होतो आणि ट्यूब बंद करतो. बुरशी मात्र जागच्या जागीच असते. आठवड्याभरात चट्टा दुप्पट होऊन परततो, पण त्याची गोल कड गेलेली असते आणि डॉक्टरांनाही तो चटकन ओळखू येत नाही. आयव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ मध्येच याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हटले होते, म्हणजे वेष पालटलेले गजकर्ण.

गोवा पावडरीच्या वेळी गजकर्णाचे औषध दाहाला लागू पडले. आज दाहाचे औषध गजकर्णाला लावले जाते. पहिल्या चुकीतून विज्ञानाला औषध मिळाले, दुसरीतून रोगाला खतपाणी. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रोग्यांच्या कातडीतून वेगळी केलेली बुरशी नव्या जातीची ठरवली आणि तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिया’ नाव दिले. टर्बिनाफिन हे भरवशाचे औषधही तिच्यापुढे बरेचदा निकामी ठरते. आता ती अनेक देशांत पोचली आहे. ती एवढी का फोफावली, याची कारणे अनेक असतील, पण स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबांकडे भारतीय त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने बोट दाखवत आले आहेत. त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. कायदा आहे, काउंटरवर मात्र तो अजून पुरता उतरलेला नाही.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. घरातली खाजेची ट्यूब उचला आणि मागची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि ती ट्यूब डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल, तर ती गजकर्णावर लावू नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जाताना ती ट्यूब सोबत न्या, कारण काय लावले होते हे कळल्याशिवाय त्यांनाही चट्ट्याचे खरे रूप ओळखणे अवघड जाते.