दहाला साडेआठ

भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडच्या दारात तुटलेल्या टॅपांनी काठोकाठ भरलेला पत्र्याचा डबा दिसला, म्हणून मी आत शिरलो. टॅप म्हणजे भोकाला आतून आटे पाडणारं हत्यार. कडक, पण जरा तिरकं पडलं की काचेसारखं तुटणारं. साठच्या दशकात पिंपरी-आकुर्डीत गाड्यांचे मोठे कारखाने आले, त्यांच्यामागे अशा शेडी उभ्या राहिल्या. आता त्यांचा माल चाकणलाही जातो.

ड्रिल मशीनवरच्या कारागिराला सगळे मामा म्हणतात. एवढे टॅप कसे तुटले, असं विचारलं तर त्यांनी कास्टिंगवरून नजर न काढता सांगितलं, "भोक बारीक पडलं की तुटतो. दहाला साडेआठ. नवीन पोरांना वाटतं, आठ-दोननं मारलं की आटा जास्त भरेल."

एम-10च्या, म्हणजे दहा मिलिमीटरच्या, नेहमीच्या आट्याचा पिच (दोन लगतच्या आट्यांमधलं अंतर) दीड मिलिमीटर. दहातून दीड वजा केला की साडेआठ, हा हिशोब मामांना तोंडपाठ आहे. एम-8ला 6.8, एम-12ला 10.2. साडेआठच्या भोकात आट्याची उंची साधारण 77 टक्केच भरते. ऐकताना हे अर्धवट काम वाटतं, पण तसं नाही. आटा पूर्ण भरायला गेलं तर ताकद जेमतेम पाचेक टक्के वाढते आणि टॅप फिरवायला जोर मात्र तिपटीच्या आसपास लागतो, असा जुना ठोकताळा आहे. तो जादा जोर टॅपच्या अंगावर येतो. शिवाय कापलेल्या धातूला जायला वाट उरत नाही.

मोजमापही साडेआठच्याच बाजूनं आहे. नेहमीच्या 6एच दर्जात आतला व्यास 8.376 ते 8.676 चालतो. ड्रिल नेहमी स्वतःपेक्षा किंचित मोठं भोक पाडतं, ती मोकळीक यात धरलेली आहे.

रॉडवर डायनं बाहेरून आटे पाडायचे तर गणित उलटं. "दहाला दहाचा रॉड घ्यायचा नाही," मामा म्हणाले. कापताना धातू थोडा फुगतो आणि डाय आवळते, म्हणून रॉड 9.85च्या जवळ उतरवून, टोकाला चॅम्फर देऊन मगच डाय लावायची. कारखान्यांतले बहुतेक बोल्ट मात्र कापलेले नसतात, रोल केलेले असतात. तिथे नऊच्या थोड्या आतला रॉड दाबला जातो आणि धातू वर सरकून दहा होतो.

मला पुन्हा पुन्हा आठवतात ते ड्रिल निवडणारे मामांचे हात. दांड्यावरचा आकडा झिजलेला, म्हणून प्रत्येक ड्रिल ते व्हर्नियरमध्ये धरतात. मग टोक उजेडाकडे करून दोन्ही धारा सारख्या आहेत का, ते पाहतात. घाईनं ग्राइंडरवर लावलेल्या ड्रिलची एक धार लांब राहिली, की साडेआठच्या ड्रिलनंही भोक मोठं पडतं. आत जायला नको असलेला नो-गो गेज सरळ आत जातो आणि लॉट परत येतो. त्या कास्टिंगवर तोवर किती मशीनचं काम झालेलं असतं! टॅप आत तुटला तर त्याहून वाईट. तो साध्या ड्रिलनं निघत नाही, जॉब स्पार्क मशीनवर न्यावा लागतो.

इतकी पारख असलेल्या माणसाची नोंद ठेकेदाराच्या कागदावर 'हेल्पर' अशी आहे. मला हे सरळ चूक वाटतं. तक्त्यातला साडेआठचा आकडा कुणीही वाचेल. हातातलं ड्रिल आज खरंच साडेआठचं भोक पाडणार आहे का, हे मामांना कळतं.

निघताना त्यांच्यापुढे ॲल्युमिनियमच्या जॉबची ट्रे आली. त्यासाठी न कापता धातू दाबून आटा उठवणारा फॉर्म टॅप होता. शेजारच्या पोरानं सवयीनं साडेआठचं ड्रिल चकमध्ये लावलं. मामांनी ते काढायला लावलं. "याला नऊ-तीन," ते म्हणाले, आणि का ते त्याला खडूनं मशीनच्या टेबलावर काढून दाखवू लागले.